एका मात्रेचं भांडण

मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. शिक्षिकेच्या नोकरीत तीन मुख्याध्यापकांची माझ्यापुढे मात्रा चालली नाही. पण माझं पहिलं मोठं भांडण झालं ते एका मात्रेवरूनच. अक्षरावर जी तिरकी रेघ देतात ना, त्या मात्रेवरून. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आणि माझ्या बाजूनं भांडायला एकच माणूस होतं. तेही निरक्षर. माझी माय.

आमचं गाव कुंभार पिंपळगाव. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. कागदावर आम्ही औरंगाबादचे, पण शहराला जायचं म्हणजे घनसावंगी-अंबडवरून जालन्याला जायचं, एवढंच आम्हाला माहीत. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या कडेला. धर्म बदलून जवळजवळ वीस वर्षं होत आली होती. आम्ही बदललो होतो, आमच्याकडे बघणारे डोळे तेवढे बदलायचे राहिले होते. वडील मी लहान असतानाच गेले. दुष्काळाच्या वर्षांत माय सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली, पाऊस झाल्यावर पुन्हा लोकांच्या रानात निंदणीला आणि कापूस वेचायला. मला मात्र तिनं रानात नेलं नाही. "तू शीक. मी हाये ना वाकायला," म्हणायची.

गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत वाचनालय होतं. एक कपाट, दोन बाकडी, आणि कपाटाला कुलूप. ते सांभाळणारे काका गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले. पगारबिगार काही नाही, मानाचं काम म्हणून करायचे. तिथे जालन्याहून निघणारं एक साप्ताहिक संध्याकाळच्या एसटीनं यायचं आणि त्याच्या शेवटच्या पानावर शब्दकोडं असायचं. अंक घरी नेता येत नव्हता. मी पट्टी घेऊन जायची, वहीत चौकटी आखायची, काळी घरं पेन्सिलनं भरायची, आडवे-उभे सगळे संकेत उतरवायची आणि घरी येऊन सोडवायची.

कोड्याचा नियम साधा असतो. एका घरात एक अक्षर. काना-मात्रा-वेलांटी अक्षराबरोबरच धरायची, जोडाक्षरही एकाच घरात. आडवा शब्द जिथे उभ्या शब्दाला छेदतो तिथे दोघांचं अक्षर तंतोतंत एकच पाहिजे. 'र' आणि 'रा' चालणार नाही. मला तो नियम फार आवडायचा. बाकी जगात एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा. इथे आडव्याला आणि उभ्याला एकाच घरात राहावं लागायचं.

अडचण होती शब्दकोशाची. वाचनालयात एक जाडजूड शब्दकोश होता, पण तो कपाटात. काका तो माझ्या हातात देत नसत. "पानं फाटतात. तू शब्द सांग, मी बघतो," म्हणायचे. मग बाकड्यावरच्या पाच-सहा बाप्यांसमोर उभं राहून मी मोठ्यानं शब्द सांगायचा, त्यांनी चष्मा लावून पान काढायचं आणि मनाला येईल तेवढं वाचून दाखवायचं. एकदा मी 'वेस' विचारला. त्यांनी 'वेस' वाचला, आणि मी न विचारता त्याच्या खालचा 'वेसकर'ही वाचला. वेशीवर राखण करणारा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या माथी मारलेलं होतं ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक हळूच मिटलं. मला इतका राग आला की कानाची पाळी गरम झाली. घरी येऊन मायला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझा आजा वेसकर व्हता म्हणून तर ह्यांचे आजे घोरत व्हते. त्यात मान खाली घालायचं आपल्याला काय कारण?"

कोडं सोडवायचं आमचं ठिकाण म्हणजे चूल. मी उंबऱ्यात वही घेऊन बसायची, माय चुलीपुढे. मी संकेत वाचायची आणि तिला शब्द मागायची. शाळेत आम्हाला समानार्थी शब्द पाठ करायला लावले होते, पण माझ्या मायला समानार्थी शब्द ही भानगडच मान्य नव्हती. "पहाट म्हणजे काय काय म्हणतात?" असं मी विचारलं की ती उलट विचारायची, "कोणची पहाट? कोंबडं आरवतं ती, का झुंजुरकं, का फटफटतं ती? तिन्ही येगळ्या येळा हायेत, बाई. एकीत जात्यावर बसायचं, दुसरीत पाण्याला जायचं, तिसरीत रानाच्या वाटंला लागायचं." पुस्तकात तिन्हींचा अर्थ एकच. माझ्या मायच्या अंगात तीन वेगळे.

एकदा 'धान्य साठवण्याची जागा' असा तीन अक्षरांचा संकेत होता. मी कोठार घालून बघितलं, कणगी घालून बघितली, अंबार घालून बघितलं. शेवटच्या घरात 'द' पाहिजे होता, कारण तिथून खाली 'दगड' उतरत होता. मी वैतागले. माय म्हणाली, "बळद." मी म्हटलं, बळद म्हणजे? "ह्यांच्या घरात भिंतीत असतंय बघ, वरून जवारी वतायची अन् खालून काढायची. मी लिपून दिलंय की किती जणांचं. आपल्याकडं कुठून असणार, आपलं गाडग्यात मावतंय." पुढच्या आठवड्यात उत्तर आलं: बळद. त्या दिवशी मायची भाकरी जरा जास्त फुगली असं मला वाटलं.

दिवाळीच्या आधी त्या साप्ताहिकानं मोठं कोडं जाहीर केलं. सर्व उत्तरं बरोबर देणाऱ्याला शब्दकोश बक्षीस. तोच, वाचनालयातल्या कपाटात होता तसाच. एक चूक असणाऱ्यांना पेन, ते कार्यालयात येऊन न्यायचं.

मला तो शब्दकोश पाहिजे होता. नुसता हवाहवासा वाटत नव्हता, पाहिजेच होता. तो घरात आला की मला कुणापुढे उभं राहून शब्द मागावा लागणार नव्हता. कुणी अर्धा अर्थ वाचून दाखवणार नव्हतं आणि न विचारलेला अर्थ तोंडावर फेकणार नव्हतं. विकत घ्यायची तर बातच नको. मी मायला म्हटलं, "हे कोडं सुटलं ना, तर मी त्या खोलीत परत शब्द विचारायला जाणार न्हाई." माय म्हणाली, "मंग जल्दी वाच. काय ईचारलंय त्यानं?"

आम्ही ते कोडं चार संध्याकाळ बसून सोडवलं. एक उभा संकेत होता, दोन अक्षरांचा: 'अंगात शिरला की माणसाला आतून पोखरतो.' मी वाक्य पुरतं वाचलंही नव्हतं तेवढ्यात माय म्हणाली, "राग. दुसरं काय?" मला ते इतकं पटलं की दुसरं काही सुचलंच नाही. वेसकरचा दिवस अजून माझ्या पोटात होता. मी 'राग' लिहिलं. त्या 'रा'वरून चार अक्षरांचा आडवा शब्द जात होता: 'चूक नसलेले, सोबत.' दुसरं अक्षर रा. ब, रा, ब, र. बराबर. घरं भरली, मी खूश.

आता तुम्ही म्हणाल, मॅट्रिक झालेल्या मुलीला हे कळू नये? खरं सांगते, नाही कळलं. 'बरोबर' हा शब्द मी पुस्तकात शंभर वेळा बघितला असेल, पण आमच्याकडे डोळे 'बरोबर' बघतात आणि मनात वाचतात 'बराबर'. आमचे गणिताचे गुरुजीसुद्धा फळ्यावरचं उत्तर बघून "बराबर!" असंच म्हणायचे. बाजारात तागडी बराबर, एसटी बराबर आली, नवराबायको बराबर गेले. आमच्या तोंडात तो निजामाच्या राजवटीतून आलेला असो की आणखी कुठून, तो आमचाच होता. चूक नसलेले म्हणजे बराबर, यात मला शंका यायला जागाच नव्हती.

निकालाचा अंक आला तेव्हा काकांनी तो मोठ्यानं वाचला. सर्व उत्तरं बरोबर असलेला एकही स्पर्धक नव्हता. एक चूक असलेल्यांत माझं नाव होतं. खाली छापलं होतं, की कुंभार पिंपळगावच्या स्पर्धक मुलीचं केवळ एक घर चुकलं, 'बरोबर'च्या जागी तिनं 'बराबर' हा अशुद्ध शब्द लिहिला आणि त्यामुळे 'रोग'च्या जागी 'राग' आला. बाकड्यावरचे हसले. त्यातला एक म्हणाला, "बराबर हाय की मंग!" आणि ते आणखी हसले. काय विनोद झाला ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं, कारण तेही सगळे 'बराबर'च म्हणायचे.

मी काकांना म्हटलं, "शब्दकोशात बघा. बराबर आहे का बघा." त्यांनी कपाट उघडलं, पान काढलं, बोट वरून खाली नेलं आणि पुस्तक मिटलं. "न्हाई."

"नीट बघितलं का?"

"न्हाई म्हटलं ना. बिलकुल न्हाई. शुद्ध शब्द असतात ह्याच्यात."

घरी आले ती तणतणतच. मायला सगळं सांगितलं. तिला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "आपलं घर चुकलं म्हंतो व्हय?" मी समजावलं की कोड्यातल्या चौकटीला घर म्हणतात. ती म्हणाली, "काय बी म्हणू दे. चाल, उद्या जालन्याला जाऊ. तुझं पेन बी आणायचंय." उद्या म्हणजे कापसाच्या वेचणीचा ऐन हंगाम. मी म्हटलं, दिवसाचा रोज बुडेल. ती म्हणाली, "बुडू दे."

साप्ताहिकाचं कार्यालय म्हणजे एका गल्लीत छापखाना आणि त्याच्या पुढच्या बाजूला एक टेबल. आत एक माणूस उभ्यानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता, सगळीकडे शाईचा वास. टेबलामागे संपादक बसले होते, पांढरा सदरा, कानामागे पेन्सिल. कोडंही तेच करायचे. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आमच्या वस्तीचं नाव ऐकूनही कप बदलले नाहीत. टेबलाच्या कोपऱ्यावर तो शब्दकोश होता. नवा कोरा. मी पेन घेतलं आणि म्हटलं, "माझी चूक नाही."

ते हसले. "मुली, बराबर हे बोलीतलं झालं. आपण लिहिताना प्रमाण भाषा लिहितो."

माय मध्येच म्हणाली, "परमाण म्हंजे माप ना, साहेब?"

"हो, तसंच काहीसं."

"मंग कुणाचं माप?"

त्यांनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिवाय राग नाही, तिथे रोग आहे. पोखरतो म्हटलं की रोग."

मी म्हटलं, "संकेतात 'अंगात शिरला की' म्हटलंय. आम्ही रागच अंगात शिरला म्हणतो. रोग जडतो." हे मी आधी ठरवून आले नव्हते. तिथेच सुचलं, आणि सुचल्यावर मला माझंच कौतुक वाटलं. आत खिळे जुळवणाऱ्या माणसाचा हात थांबला.

"ते ठीक आहे," संपादक म्हणाले, "पण बराबरचं काय?"

"ह्या पुस्तकात बघू का?"

त्यांनी शब्दकोश माझ्याकडे सरकवला. स्वतः उघडला नाही, माझ्याकडे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दकोशाला हात लावला. पानं इतकी पातळ होती की माझ्या बोटांना दोन-दोन यायची. मला शोधायची सवय नव्हती. मी 'फ'मध्ये गेले, मग पुढे गेले, मग मागे आले. माय माझ्या खांद्यावरून अशी बघत होती की तिलाच वाचता येतंय. आणि मग सापडला. बराबर. जाड ठशात, सगळ्या शुद्ध शब्दांच्या रांगेत, ताठ.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं नव्हतं. त्या काकांनी पान काढलं होतं, बोट फिरवलं होतं, शब्द बघितला होता आणि माझ्या तोंडावर 'न्हाई' म्हटलं होतं. आजवर विचारलेल्या किती शब्दांना ते असंच न्हाई म्हणाले असतील, हे मी तिथे बसून मोजायला लागले आणि मला मोजता येईना.

संपादकांनी पुस्तक आपल्याकडे फिरवलं, वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे बघ. पुढे काय दिलंय? 'बरोबर पहा.' म्हणजे मूळ शब्द बरोबर. बराबरचा अर्थसुद्धा इथे दिलेला नाही, तिकडे जा म्हटलंय."

मायनं मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, की आपला शब्द आहे, पण अर्थ बघायला त्यांच्या शब्दाकडे जायला सांगितलंय. मायनं चहा बशीत ओतला. मग संपादकांना म्हणाली, "म्हंजे आमच्या घरावरून तुमच्या घराची वाट दावलीय. पण आमचं घर हाये ना तिथं?"

"आहे, पण..."

"पुस्तकात हाये का न्हाई, तेवढं सांगा."

"आहे."

"मंग बराबर हाये," माय म्हणाली आणि बशीतला चहा पिऊन टाकला.

आतला माणूस मोठ्यानं हसला. संपादकही हसले, पण कसनुसं. त्यांना माघार घेता येत नव्हती. निकाल छापून झाला होता, गावोगाव गेला होता. मी म्हटलं, पुढच्या अंकात छापा, की बराबर बराबर आहे. ते म्हणाले, तसं छापलं तर उद्या प्रत्येक जण आपल्या गावची भाषा घेऊन येईल. मी म्हटलं, येऊ द्या की. मग त्यांनी शब्दकोशाचं पहिलं पान उघडलं, दौतीत टाक बुडवला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'ग्रामीण भागातील होतकरू मुलीस, एक चूक वगळता उत्तम प्रयत्नाबद्दल, उत्तेजनार्थ.' खाली सही केली आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. "घे. तसंही कुणी जिंकलेलं नाही."

मी हात मागे घेतला. ज्याच्यासाठी चार संध्याकाळ डोळे फोडले होते, ते पुस्तक समोर होतं आणि मला ते नको झालं. चूक म्हणून दिलेलं बक्षीस मी का घ्यावं? मी मायला ते वाचून दाखवलं. म्हटलं, "चाल माय. मला हे न्हाई पाहिजे."

माय जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले, पुस्तक घेतलं, पदराखाली धरलं आणि संपादकांना म्हणाली, "लई उपकार झाले साहेब." मग मला म्हणाली, "ऊठ."

गल्लीतून स्टँडपर्यंत मी तिच्या चार पावलं पुढे चालत राहिले. मला वाटलं, हिनं मला विकलं. ज्या बाईनं वेसकरावरून मान खाली घालू दिली नाही, तिनं 'उत्तेजनार्थ'पुढे हात जोडले. स्टँडवर एसटीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी भडकलेच. म्हटलं, "त्यात आपली चूक लिहिलीय. जन्मभर घरात चूक ठेवायची का?"

ती म्हणाली, "पोरी, मी कव्हाची तुझ्याकडं बघून राह्यले. तुझ्या हातात काय हाये?"

माझ्या हातात ते बक्षिसाचं पेन होतं.

"त्यानं लिव्हलं ते शाईनंच लिव्हलंय ना? मंग तुझ्या पेनात बी शाईच हाये. पुस्तक सोडून यायला मी येडी हाये का? पुस्तक आपलं. त्यातलं काय ठिवायचं अन् काय न्हाई ते आपण बघू."

मी पहिलं पान उघडलं. 'एक चूक वगळता'वर आडवी रेघ मारली. 'उत्तेजनार्थ'वर दुसरी मारली. पुस्तकात रेघोट्या मारणं हे पाप आहे असं मला शाळेत शिकवलं होतं. माय शेजारी बसून शेंगदाणे खात होती. मग म्हणाली, "आता आपला शब्द कुठं हाये तो दाव बरं."

मी पान काढलं आणि तिचं बोट धरून शब्दावर ठेवलं. तिनं बोट फिरवून बघितलं. ठसा हाताला लागतो का बघत असावी.

"अन् त्यांचा?"

मी पुढचं पान काढून 'बरोबर' दाखवला. त्याच्यापुढे अर्थच अर्थ होते, अर्धा स्तंभ भरून.

"हितं काय लिव्हलंय? आपल्याकडं जा म्हणून लिव्हलंय का?"

मी शेवटपर्यंत वाचून बघितलं. "न्हाई."

"का न्हाई? आपल्याला तिकडं पाठवत्यात, त्यांना इकडं का पाठवत न्हाईत?" तिनं टरफलं पदरातून झटकली आणि समासातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हितं जागा हाये. लिव्ह."

अंबडची एसटी लागली होती आणि लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. मी पेनाचं टोपण काढलं आणि 'बरोबर'च्या पुढे, समासात, माझ्या अक्षरात लिहिलं: बराबर पहा.